नाकाचा की तोंडाचा?

‘बाई, मशीन तं घ्यायचंच आहे, पण मास्क नाकाचा घेऊ का पूर्ण तोंडाचा?’

हा प्रश्न मला लोकांनी लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बाजारात भरताची वांगी निवडताना विचारलाय, आणि एकदा मयताच्या गंधमुक्तीच्या मांडवात शेजारच्या बाईंनी हळूच कानाशी येऊन विचारलाय. अमळनेरात आता मी झोपेच्या मशीनवाली बाई. मशीन म्हणजे सीपॅप: झोपेत श्वास अडू नये म्हणून ते रात्रभर मास्कमधून दाबाने हवा देतं. तीस वर्षं शाळेत शिकवलं ते कुठं गेलं कोण जाणे. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

उत्तर आधी सांगते. नाक चालू असेल तर नाकाचा. पण त्या ‘असेल तर’मध्येच सगळी गोम आहे, आणि ती मला कळायला तीन महिने आणि एका मास्कचे पैसे लागले.

माझी शाळा धरणगावला होती, अप-डाऊन रेल्वेने. शेवटच्या दोन वर्षांत गाडीत बसले की डोळा लागायचा तो असा, की धरणगाव निघून जायचं आणि जाग यायची थेट पाळधीला. असं तीनदा झालं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर विनोद झाले, मीही हसले. डॉक्टरांनी थायरॉइड बघितलं, बी-१२ बघितलं, ‘या वयात थकवा येतोच’ असंही झालं. घोरण्याचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुरुष घोरला तर घरात त्याची नक्कल करतात. बाई घोरते हे तिचा नवरासुद्धा चारचौघांत बोलत नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, स्लीप अॅप्निया, वाढतो, हे मला फार उशिरा समजलं. शेवटी मुलाने जबरदस्तीने जळगावला नेऊन रात्रीची तपासणी करवली. तासाला ३४ वेळा श्वास अडत होता. ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात.

मशीन आलं. दुकानदाराने विचारलं, ‘झोपेत तोंड उघडं राहतं का?’ हे म्हणाले, ‘सताड.’ मग पूर्ण तोंडाचाच घ्या, नाक आणि तोंड दोन्ही झाकतो, म्हणजे काळजीच नको. मलाही पटलं. मोठा मास्क म्हणजे जास्त गुणाचा, हा हिशेब कुणालाही पटतो.

तो मास्क मी तीन महिने ओढला. रात्री कड बदलली की गालाजवळून हवा सुटायची आणि डोळ्यांत जायची. म्हणून पट्टे आवळायचे. आवळले की सकाळी नाकाच्या उंचवट्यावर लाल वळ. मशीन आपोआप दाब वाढवणारं होतं, ते १३-१४ पर्यंत चढायचं (हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात), दाब चढला की गळती वाढायची, आणि रात्री दोनच्या सुमारास मास्क माझ्या पायथ्याशी पडलेला असायचा. कधी काढला, आठवायचंसुद्धा नाही.

मला वाचवलं ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी, आणि तेही दुसऱ्याच कारणासाठी गेले होते तेव्हा. त्यांनी नाकात उजेड टाकला आणि म्हणाले, ‘तुम्ही तोंडाने श्वास घेता कारण नाकाने घेताच येत नाही तुम्हाला.’ आत सूज होती, धुळीची अॅलर्जी. आमच्याकडे कपाशी घरात आली की दिवाळीच्या पुढेमागे घरभर तंतू उडतात, उन्हाळ्यात लू धूळ घेऊन येते. नाक चोंदलेलं असणं हेच मला नॉर्मल वाटत होतं. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं, त्यांनी दिलेला स्प्रे, आणि दीड महिन्यानं मी नाकाचा मास्क लावला. दाब ९ वर येऊन थांबला.

असं का होतं, ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे पडून वाट बुजते. हवा फक्त नाकातून आत गेली की ती टाळूला मागून पुढे, जिभेकडे ढकलते आणि वाट उघडी राहते. तोंडातूनही तितक्याच दाबाची हवा आली तर टाळूच्या पुढे-मागे दाब सारखा, मग ढकलणार कोण? शिवाय मोठ्या मास्कचे पट्टे हनुवटीला मागे रेटतात, म्हणजे जीभ आणखी मागे. म्हणून त्याला बरेचदा जास्त दाब लागतो, गळती जास्त होते आणि लोक तो कमी तास लावतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही उपचारपद्धत जगापुढे मांडली, तीही नाकावाटेच हवा देऊन. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही पहिला कल नाकाच्याच मास्ककडे आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या धाकट्या दिरांच्या नाकाचं हाड वाकडं आहे, आत मांसाचे कोंब आहेत, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते शेताची वाट धरतात. त्यांनी पूर्ण तोंडाचा घेतला आणि तो ते रात्रभर लावतात, माझ्यापेक्षा नेमाने. नाक खरोखर बंद असेल आणि उघडायचा मार्ग नसेल, तर तोच बरोबर. फक्त एक: उलटी झाली तर मास्क स्वतःच्या हाताने चटकन काढता आला पाहिजे. हातात तेवढं बळ नसलेल्या माणसाला तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

नाकाच्या मास्कमध्ये सगळं गोड आहे असंही नाही. पहिले दोन आठवडे तोंडातून हवा निसटायची, सकाळी जीभ करवंटीसारखी कोरडी. हनुवटीचा पट्टा आणला. थोडा उपयोग झाला, फार नाही. मशीनच्या पाण्याच्या टाकीतून हवेतला ओलावा वाढवला, नाक सुधारत गेलं, तोंड हळूहळू आपलं आपण मिटायला शिकलं. ओठांना चिकटपट्टी लावायचा सल्ला मलाही मिळाला होता. मी ऐकला नाही.

आणि फुली! हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. नाकात फुली असली की मास्कची कड तिथे बसत नाही, शिट्टी वाजते. मी रात्रीची काढून ठेवायला लागले, मग सकाळी घालायची राहायला लागली. आत्यांनी एकदा बघितलं: ‘वं माय, नाक भुंडं कसाले ठेवस?’ मी मास्क दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हत्ती दिसतेस. पुरुषांचं हेच मिशीचं. दाट मिशीवर नाकाचा मास्क गळतो; त्यांनी नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उश्यांचा प्रकार बघावा, तो मिशीच्या वर राहतो. कवळीवाल्यांनी लक्षात ठेवायचं, की कवळी काढली की गाल आत जातात आणि दुपारी फिट बसलेला मोठा मास्क रात्री सैल होतो. पेसमेकर असेल, तर चुंबकाच्या क्लिपांचा मास्क नको.

आमच्या गल्लीतल्या एका भाऊंनी तर मास्कच्या पुढच्या बारीक भोकांवर सेलोटेप लावली. हवा वाया जाते म्हणे! दोन दिवस डोकं धरून बसले. ती भोकं गळतीची नाहीत, आपण सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. नाकाचा असो की तोंडाचा, त्यांना हात लावायचा नाही.

लाइटचं सगळेच विचारतात. मे महिन्यात रात्री लाइट जाणार हे धरूनच चालायचं. नाकाच्या मास्कमध्ये मशीन बंद पडलं तर तोंड मोकळंच असतं. मोठ्या मास्कला त्यासाठी झडप असते, दाब गेला की ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. धुतल्यावर ती जागेवर बसली का, ते बघत जा. मशीन इन्व्हर्टरवर चालतं, पण पाणी तापवणारा भाग बंद ठेवावा, बॅटरी तोच खातो. कूलर चालू असला की तशीही हवा ओली असते. कूलरचा झोत मात्र तोंडावर घेऊ नका. गच्चीवर झोपायची सवय असेल तर मशीनही वर न्यावं लागतं. मी नेते, आणि दर आठवड्याला फिल्टर बघते. लू सुरू झाली की तो मातीच्याच रंगाचा होतो.

तेव्हा आधी नाक दाखवा. मग रात्री अंथरुणावर पडून तोंड मिटा आणि पाच-दहा मिनिटं नुसत्या नाकाने श्वास घेऊन बघा. एक नाकपुडी मंद, एक मोकळी असं आलटून पालटून सगळ्यांचंच होतं, त्याची भीती नको. जीव घाबरा झाला तर मास्क घेऊ नका अजून, डॉक्टरांकडे परत जा.

दुकानात जाताना रात्रीच्या अवतारात जा. डोक्याला तेल नको, चेहऱ्याला क्रीम नको, वेणी जशी झोपताना असते तशी. उभ्याने मास्क लावून ‘बसला’ म्हणू नका. एकदा वापरलेला मास्क कुणी परत घेत नाही. दुसऱ्या खेपेला मी दुकानातल्या लाकडी बाकावर उशाला पर्स घेऊन सरळ आडवी झाले आणि म्हटलं, मशीन लावा, दाब सुरू करा. तो पोरगा बावचळला, दोन गिऱ्हाइकं बघत उभी. मी डाव्या कडेवर वळले, उजव्या कडेवर वळले. मला इतके दिवस मधला साइझ दिला होता. लागत होता लहान.