औषधाचा गजर तेराव्यानंतरही वाजतो

कॅन्सर, किडनी किंवा लिव्हरच्या दुखण्यात दोन-तीन वर्षं नवऱ्याचं सगळं केलेल्या बाईला तो गेल्यावर एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "सुटला बिचारा, तूही सुटलीस." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण तेच सुटल्यासारखं वाटणं तिला आतून खात असतं. दर दोन तासांनी नाकातल्या नळीतून पातळ पेज, मग नळीत पाणी सोडणं, कूस बदलणं, रात्रीतून तीनदा उठणं. हे थांबल्यावर शरीराला हायसं वाटणारच. त्यावरून माया कमी होती असं ठरत नाही, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, आणि एकदाच नाही.

शरीराची सवय मात्र लगेच मोडत नाही. पहाटे दोनला जाग येते, कान खोकल्याकडे लागतात. मोबाइलमधला सकाळच्या गोळीचा गजर तेराव्यानंतरही वाजतो. तो परस्पर बंद करू नका, तिला विचारा. भाड्याचा पलंग आणि ऑक्सिजनचं मशीन परत द्यावंच लागतं, कारण भाडं चढत राहतं. पण ते नेताना तिला घरात थांबायचंय का, हेही विचारा. उरलेल्या मॉर्फिनच्या आणि झोपेच्या गोळ्या घरात ठेवू नका. जिथून दिल्या तिथे परत नेऊन द्या. आजारपणाची फाइल मात्र टाकू नका. "ती शेवटची केमो द्यायला नको होती का?" हा प्रश्न तिला महिनोन्‌महिने छळतो. महिना-दीड महिन्याने फाइल घेऊन त्याच डॉक्टरांकडे जावं आणि तोच प्रश्न सरळ विचारावा. नातेवाइकांच्या तर्कांपेक्षा त्या उत्तराने मन जास्त शांत होतं.

दिवसांच्या विधीत तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची, हे अजून कित्येक घरांत चालतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तेच आवाहन केलं. घरात विरोध झाला तर या ठरावाचा दाखला द्यायला हरकत नाही. काय ठेवायचं, काय काढायचं, हे तिचं तिने ठरवावं. काहीजणी स्वतःहून मंगळसूत्र काढून ठेवतात, तेही मान्य करावं.

खरा घात कागदांत होतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवा. बँक, विमा, पेन्शन, सातबारा, सगळीकडे लागतात. पासबुकात 436 रुपयांची वार्षिक कपात दिसली तर ती बहुधा पंतप्रधान जीवन ज्योती विम्याची असते. आजाराने मृत्यू झाला तरी त्यात 2 लाख मिळतात. ते खातं घाईने बंद करू नका, आधी दावा दाखल करा. आणि दिवस होईपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करू नये, पुढेही वकिलाला दाखवल्याशिवाय नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा आहे. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते रद्द करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.

रडू वर्षानेही येतं, त्यात आजार काही नाही. पण सहा महिने उलटूनही ती जेवत नसेल, कशातच लक्ष लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मरणाचं बोलू लागली तर सहा महिन्यांची वाटही पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मराठीत मोफत बोलता येतं.

तेराव्याला घर भरलेलं असतं, चौथ्या महिन्यात संध्याकाळी सातला दारावरची बेल वाजत नाही. "काही लागलं तर सांग" म्हटलं तर ती सांगणार नाही. "बुधवारी अकराला बँकेत जाऊ, पासबुक आणि आधार काढून ठेव" असं म्हणा, आणि जा.