दहा मिलीग्रॅमच्या खाली उतरताना

जायंट सेल आर्टेरायटिसमध्ये स्टेरॉइड सुरू करताना फार विचार करायला वेळच नसतो. पन्नाशीनंतर होणाऱ्या या आजारात धमन्यांना सूज येते. कानशिलं ठणकतात, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते, घास चावता चावता जबडा भरून येतो. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही. म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ४० ते ६० मिलीग्रॅमवर लगेच सुरू होतं. खरी कसोटी लागते ती डोस उतरवताना.

सुरुवातीला तो भराभर उतरतो: दोन-तीन महिन्यांत १५-२० वर, वर्षभरानंतर ५ किंवा त्याखाली, असा साधारण बेत असतो. पण १० च्या खाली एकेक मिलीग्रॅम, तोही महिन्याकाठी. ६० चे ५० केले तर डोसचा सहावा हिस्सा जातो. ५ चे ४ केले तर पाचवा. 'एकच तर मिलीग्रॅम' म्हणून इथे घाई होते आणि इथेच गाडी अडते. शरीर स्वतः रोज बनवतं ते नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ५ मिलीग्रॅमच्या आसपास भरतं. महिनोन्‌महिने बाहेरून त्याहून जास्त मिळालं की ते बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. त्या पूर्ववत व्हायला कधीकधी वर्षही लागतं.

डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांत अंग मोडून आलं, चिडचिड झाली आणि पंधरवड्यात सगळं ओसरलं, तर शरीर नव्या डोसला रुळत होतं असं समजायला हरकत नाही. दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, जबडा-कानशील पुन्हा बोलू लागलं, तर आजार उलटला असावा. उठताना चक्कर, मळमळ, मेलेली भूक, उतरणारं वजन असेल तर संशय ग्रंथींवर. त्यासाठी सकाळी ८-९ च्या सुमारास कॉर्टिसोल तपासतात. आदल्या गोळीला २४ तास झालेले हवेत आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, नाहीतर आकडा फसवतो. तसाच सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडाही फसवतो: टोसिलिझुमॅब हे या आजारावरचं दुसरं औषध चालू असेल तर आजार धुमसत असतानाही तो नॉर्मल येऊ शकतो. नुसत्या रिपोर्टवर डोस उतरवू नये.

गोळ्यांचाही घोळ होतो. १ मिलीग्रॅमच्या गोळ्या वेगळ्या मागून घ्याव्यात. आतड्यात विरघळणारं कोटिंग असलेली गोळी तोडायची नसते. ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ६ डेफ्लाझाकॉर्ट, त्यामुळे औषध बदललं तर आकडा तोच ठेवून चालत नाही.

साखर मोजायची तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. सकाळच्या गोळीने ती दुपारनंतर चढते. उपाशीपोटीचा आकडा बघून उगाच निर्धास्त व्हायला होतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची डेक्सा तपासणी पहिल्या महिन्यातच मार्गी लावावी.

ताप आला तर स्टेरॉइड थांबवायचं नाही. उलट, डॉक्टरांनी आधीच ठरवून दिल्याप्रमाणे वाढवायचं. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, त्यासाठी थेट इमर्जन्सीत जावं. डोळ्यापुढे क्षणभर पडदा आला किंवा एकाचे दोन दिसले, तरीही त्याच दिवशी, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता.