तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रेगरीच्या इतिहासातला प्रिस्कस

सहाव्या-सातव्या शतकातल्या बिशपांचं लिखाण वाचते म्हटलं की प्रश्न ठरलेला: ‘त्यात ज्यूंना शिव्याच असणार ना? हाडामांसाचा ज्यू भेटतो का कुठे?’

शिव्या आहेतच. मन दगडाचं, हे तर पालुपद. संत ऑगस्टिनने आधीच सांगून ठेवलं होतं की ज्यूंनी आपला ग्रंथ सांभाळत जगावं, त्यातून ख्रिस्ताचीच साक्ष मिळते. पुढच्या अनेकांनी तेच गिरवलं.

पण फ्रान्समधल्या तूरचा बिशप ग्रेगरी याने लिहिलेल्या इतिहासात प्रिस्कस नावाचा ज्यू आहे. फ्रँक राजा चिल्पेरिकला हवा तो माल आणून देणारा व्यापारी. 581 साली राजाने लाडीगोडीने त्याचे केस धरले आणि ग्रेगरीला म्हणाला, ये, याच्या डोक्यावर हात ठेव, म्हणजे याला ख्रिस्ती करून घे. प्रिस्कस बधला नाही. उलट विचारता झाला: देव बाईच्या पोटी येईल, फटके खाईल, मरणाची शिक्षा भोगेल, हे कसं? राजा गप्प. मग ग्रेगरीने बायबलमधली वचनांवर वचनं काढली, तरी गडी जागचा हलला नाही.

हा संवाद लिहिला ग्रेगरीनेच, तेव्हा त्यातला शब्द न् शब्द खरा मानायची माझी तयारी नाही. माझा भरवसा पुढच्या वर्षीच्या हकिकतीवर. राजाने बऱ्याच ज्यूंना बाप्तिस्मा घ्यायला लावला. प्रिस्कस ऐकेना, म्हणून कोठडीत गेला. नजराणे देऊन त्याने मुदत मागितली: मुलाचं मार्सेयच्या ज्यू मुलीशी लग्न तेवढं होऊ द्या. मग एका शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, कमरेला वस्त्र बांधून, हातात शस्त्र नसताना, तो आपले विधी करायला आडबाजूला निघाला होता. फातिरने त्याला तलवारीने मारलं. हा फातिर मूळचा ज्यू, ख्रिस्ती झालेला. बाप्तिस्म्यात राजा त्याचा धर्मपिता. पुढे प्रिस्कसच्या नातलगांनी फातिरलाही संपवलं.

ठरलेलं लग्न, कमरेचं वस्त्र, रिकामे हात. धर्माचा वाद जिंकायला यातलं काहीच कामाचं नव्हतं, तरी ग्रेगरीने लिहिलं. ओळखीचा माणूस होता ना!

म्हणून ग्रेगरीला उदार ठरवायची घाई नको. 576 साली क्लेर्माँमध्ये जमावाने सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, जमीनदोस्त केलं. बिशप आविटसने ज्यूंना सांगितलं, आमच्यात या नाहीतर गाव सोडा. पाचशेवर लोकांनी बाप्तिस्मा घेतला, बाकीचे मार्सेयला गेले. ग्रेगरी हे सगळं आनंदाने सांगतो. त्या पाचशेंतल्या एकाचंही नाव मात्र देत नाही.