माळेगावला घोडे बघायला गेलो होतो

घोड्यांबद्दल फार काही लिहीत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे होते, उंट होते, गाढवं होती, आणि नांदेडहून एसटीत उभं राहून माझी कंबर गेली होती. मार्गशीर्षातली ही गर्दी मला सोसत नाही हे दरवर्षी कळतं, तरी जातोच. दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. मित्राच्या शेतात भज्जी, उंडे आणि आंबील एवढी चापली की झाडाखाली लवंडलो तो दिवस कलल्यावरच उठलो.

रात्री त्याच्याच घरी पुतण्याच्या लग्नाचं खंडोबाचं जागरण. तासाभरानं सटकायचं मी आधीच ठरवलं होतं. अंगणात पाच धाटांच्या मखराखाली चौक, कलश, भंडारा. जागरण गाणारे वाघ्या-मुरळी दोघंही पन्नाशीपुढचे, तुणतुण्यावर त्यांचाच पोरगा. आधी गण. मग देवांना आवतण: जेजुरी, पाली, माळेगाव, तुळजापूर, माहूर. मी घड्याळ बघत होतो.

मग बानूची कथा लागली. सारीपाटात हरलेला खंडोबा बारा वर्षं घराबाहेर, चंदनपुरीत मेंढरं राखतो आणि बानूला घेऊनच परततो. वाघ्या खंडोबा झाला. खंडोबाच्या बायका दोन, म्हाळसा आणि बानू, पण मुरळी एकच. पदर डोक्यावर आला की ती म्हाळसा, कमरेला खोचला की बानू. आवाजही तेवढ्यात बदलायचा. म्हाळसा होऊन नवऱ्याचं माप काढताना मध्येच तिनं घातलं, ‘घरात तेल नाही आणि देवाला नवी दिमडी पाहिजे!’ वाघ्याची हातातल्या दिमडीवरची थाप चुकली. तो खरंच लाजला. बायकांचा घोळका हसून लोळायचा बाकी होता.

तेवढ्यात मागून एका पोरानं सिनेमातलं गाणं म्हणायची फर्माईश केली. पाठोपाठ घरातले एक काका आले, ‘जरा आटपतं घ्या, सकाळी कामं हैत.’ मला असला राग आला! (तासाभरापूर्वी मला स्वतःला हेच हवं होतं.) बाई शांतपणे म्हणाली, ‘लंगर तुटल्याबिगर देव उठत नाही, दादा.’ आणि पुढचं कडवं उचललं. (लंगर म्हणजे जागरणाच्या शेवटी तोडायची लोखंडी साखळी.) पहाटे लंगर तुटला तेव्हा ऐकायला आम्ही सात जण होतो, त्यातले दोन घोरत होते.

चहा घेताना वाघ्या दिमडीचं सांगत बसला. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, थंडीत शेकोटीवर तापवावं लागायचं. आता कायद्यानं बंदी, म्हणून प्लास्टिक. ‘तापवायची कटकट नाही, पण बोलत नाही बगा.’

मी मात्र नको ते विचारलं. मुरळी तर देवाला वाहिलेली असते, मग तुम्ही नवरा-बायको कसे? मित्रानं डोळे वटारले. बाई हसली.

‘देवाला वाहिलेली माजी माय. ती म्हणली, पोरीला वाहणार नाही. माजं लगीन ह्यांच्यासंगं लागलं. हे तवा सालगडी. गळा नाही, ताल नाही. मी शिकविलं. पयली दोन सालं नुसते भिक्षेचा कोटंबा धरून माज्या मागं फिरायचे, ऐतवारच्या वारीला.’

वाघ्यानं मान डोलावली. ‘तिसऱ्या साली दिमडी हातात दिली हिनं.’

काकांनी पाकीट आणून वाघ्याच्या हातावर ठेवलं. त्यानं न बघताच ते तिच्याकडे सरकवलं. तिनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

‘दादा, दोनशे कमी हैत.’

काका आत पळाले.