मागून धरणाऱ्यांचं गाणं

आमच्या कोथरूडात हौशी गाणाऱ्यांचे दोन प्रकार, एक कराओकेवाले आणि एक भजनी मंडळवाले. दोन्हीकडे जाऊन आल्यावर माझं मत पक्कं झालंय, मनाला बरं वाटायला हवं असेल तर मंडळच. कराओकेला हौस भागते हे खरं, पण तिथे जो तो मोबाईलमध्ये आपल्या गाण्याचे शब्द बघत नंबर कधी लागतोय त्याची वाट बघत बसतो, समोरचा काय गातोय याकडे निम्म्यांचं लक्षच नसतं, टाळ्या मात्र सगळे वाजवतात.

मंडळात एकजण ओळ सांगतो आणि बाकीचे मागून धरतात. खरी गंमत या मागून धरण्यातच आहे. अभंगाची ओळ लांब असली की श्वास पुरवून पुरवून वापरायला लागतो, आणि सगळ्यांचा साधारण एकाच जागी संपतो, मग अख्खी खोली एकदम श्वास घेते, टाळ चालू असतानाही ते ऐकू येतं. (टाळाची दोरी सुरुवातीला बोटांना जाम काचते, ते कोणी आधी सांगत नाही.) स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये तरुण मुलामुलींना एकत्र गायला लावून हृदयाचे ठोके मोजले, तर मंत्रासारखं संथ गाताना सगळ्यांचे ठोके बरोबरच वाढत होते आणि बरोबरच मंदावत होते. श्वास सोडताना ठोके जरा कमी होतात, आणि गाणं म्हणजे शेवटी लांबवलेला श्वासच की. प्राणायामाच्या क्लासला फी भरून जे करतो ते इथे चहासकट फुकट.

ब्रिटनमधला २०१५ चा एक अभ्यास मला त्याहून पटला. प्रौढांच्या वर्गांमध्ये कोणी गाणं शिकत होतं, कोणी हस्तकला, कोणी लेखन. सात महिन्यांनी सगळेच वर्ग सारखे जवळ आले होते, पण गाणाऱ्यांचं गूळपीठ बाकीच्यांच्या कितीतरी आधी जमलं. आमच्या बिल्डिंगमधले एक काका लिफ्टमध्ये कायम नुसती मान हलवायचे, आता मंडळात आल्यापासून खोकला झाला तर घरी येऊन काढा देऊन जातात!

एका काकूंचे मिस्टर अंथरुणाला खिळलेत, त्या तेवढा तास काढून येतातच. वेल्समध्ये २०१६ साली कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचं करणारी घरची माणसं यांना ७० मिनिटं एकत्र गायला लावलं होतं, त्यानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालेलं आढळलं. गाऊन आजार बरा होतो असला दावा मी करणार नाही, पण येताना आणि जाताना काकूंचा चेहरा मी बघते ना.

आणि "माझा आवाज नाही गं" हे कारण तर देऊच नका. पालखी मुक्कामाला असते तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत एक चक्कर मारा, तिथे कोण कोणाची ऑडिशन घेतंय?

भांडणं होतात, नाही असं नाही. गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठला धरायचा ते, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या बटणांवरून ठरते; बायकांना काळी चार सोयीची, पुरुषांना काळी एक, म्हणून पेटीवाले काका मधली पांढरी चार धरतात आणि कोणीच खूश नसतं. सध्या आषाढीच्या कार्यक्रमाच्या पट्टीवरून ग्रुपवर जुंपलीये. पुरुषांनी खालच्या सप्तकात म्हणावं असा मेसेज काल एकीने टाकला, त्याला आतापर्यंत फक्त बायकांचेच अंगठे आलेत.