तुम्ही विचारलंत म्हणून: पेपरात नाव कुणाचं आलं

सांगलीत विश्रामबागला चहाला थांबलं की कुणीतरी विचारतंच, "सर, एवढी वर्षं पेपरात काढलीत. मागच्या पानावर रमीची जाहिरात आणि आत रमीपायी जीव दिलेल्या पोराची बातमी, हे एकाच अंकात छापताना काही वाटायचं नाही का?" ऑनलाइन जुगारावर बंदी आल्यापासून तर हा प्रश्न जास्तच येतो.

वाटायचं. पण नुसतं वाटायचं.

सांगलीत मी जिल्हा पान लावायचो. संध्याकाळी पानांची डमी यायची, तिच्यावर जाहिरातींच्या जागा आधीच आखलेल्या. उरलेल्या जागेत बातम्या बसवायच्या. मोठ्या जाहिराती पुण्या-मुंबईकडून ठरून यायच्या, त्यात आम्हाला कोण विचारतो? हे खरं आहे आणि आमच्यातले बरेच जण इथंच थांबतात. मला थांबता येत नाही, कारण जिल्हा पानावरची भाषा माझ्याच हातात होती.

मटक्याची बातमी आठवा. पोलिसांची प्रेसनोट यायची: मटका घेताना एकास पकडले, रोख सातशे चाळीस रुपये आणि चिठ्ठ्या जप्त. खाली नाव, वय, गाव, गल्ली. तीन पानी जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला तर दहा-दहा नावांची यादी, आणि ती मी जशीच्या तशी लावायचो. 1887 च्या जुगारबंदी कायद्यात अड्डा चालवणारा आणि तिथं खेळायला बसलेला, दोघांनाही शिक्षा आहे. त्यामुळे नावं छापण्यात आम्हाला वावगं वाटत नसे. मग तोच जुगार मोबाइलवर आला आणि आमच्या बातमीत लिहून येऊ लागलं, 'एका ऑनलाइन गेममध्ये पैसे हरल्याने'. पोराचं नाव असायचं, बापाच्या डोक्यावरचं कर्जसुद्धा असायचं. अ‍ॅपचं नाव नसायचं. मथळा ठरलेला: 'रमीच्या नादात'. नाद म्हटलं की दोष पोराचा झाला, पुढं कुणाला काही विचारायचं उरत नाही. हा शब्द मी किती मथळ्यांत घातला असेल, त्याची मला आज लाज वाटते.

तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार एकदा ऑफिसात आला होता. मुलाची बातमी येऊन गेली होती, त्याला तो अंक हवा होता. बागेच्या औषधांसाठी उचललेले पैसे पोरानं मोबाइलवर घालवले होते. मी अंक काढून दिला. त्यानं बातमी वाचली नाही. पेपर उलटा केला आणि मागच्या पानावरच्या जाहिरातीवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, ह्येच हाय न्हवं ते?" खेळात आर्थिक जोखीम आहे, त्याची सवय लागू शकते, ही सूचना तिथं छापलेली होती. डिसेंबर 2020 पासून ती छापणं जाहिरात क्षेत्राच्या नियमांत आलं होतं. ती मी त्याला दाखवणार होतो? मी फक्त "हो" म्हटलं. अंकाचे पैसे घेतले नाहीत, तर त्यानं ते टेबलावर ठेवले आणि गेला.

बंदीच्या चर्चेतही तेच झालं, म्हणून मी एवढा बोलतोय. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी दिसल्याचा, राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटेंचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो असं ते म्हणाले, पुढं खातं बदललं, आणि आठवडाभर चर्चा मंत्र्यांचीच झाली. रमीनं घरं कशी बसली हा विषय बाजूलाच राहिला. ऑगस्टमध्ये केंद्राचं ऑनलाइन गेमिंगचं विधेयक आलं, 20 तारखेला लोकसभेत आणि 21 ला राज्यसभेत मंजूर झालं, 22 ला राष्ट्रपतींची सही. टीव्हीवर मग दोन लाख नोकऱ्या जाणार हा कंपन्यांचा आकडा फिरला. क्रिकेट संघाची प्रायोजक गेमिंग कंपनीच होती, त्यामुळे आशिया कपला भारतीय संघाच्या जर्सीवर प्रायोजकाचं नाव नसेल, ही मोठी बातमी झाली. रमी कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्येच म्हटलंय, हे प्रत्येक पॅनेलवर कुणीतरी सांगायचंच. तो खटला क्लबात पत्ते घेऊन समोरासमोर बसणाऱ्यांचा होता. रात्री दोन वाजता एकट्यानं मोबाइलवर खेळणाऱ्या पोराला तो निकाल लावताना हा फरक सांगायला नको? आणि नव्या कायद्यानं तर कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवलाय. पैसे लावून खेळ चालवला की बंदी.

माझ्या मते खरी बातमी वेगळीच होती. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, दंड पन्नास लाखांपर्यंत. म्हणजे 1887 च्या कायद्याच्या आधारे ज्याचं नाव आम्ही छापत आलो, तो खेळणारा ऑनलाइन खेळापुरता सुटला आणि जाहिरातीचा व्यवहार कायद्याच्या कक्षेत आला. मी जे पेपर रोज वाचतो, त्यांत हे आतल्या पानावर दोन ओळींत होतं.

परवा एका तरुण बातमीदाराचा फोन आला. मिरजेकडचा एक मुलगा परदेशातून चालणाऱ्या बेटिंग अ‍ॅपवर पैसे घालवून घरातून निघून गेला होता, सुदैवानं सापडला. "सर, मथळा काय देऊ? 'ऑनलाइन गेमच्या नादात' चालेल?"

मी म्हटलं, बातमीतून मुलाचं नाव काढून टाक. अ‍ॅपचं नाव पोलिसांना विचार.

तो म्हणाला, "विचारलं. तपास सुरू आहे म्हणाले."

मग उद्या परत विचार, म्हटलं.