जिथे नांगर वळसा घालून जातो

आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमध्ये राहायला आल्यापासून माझा सगळ्यात जास्त जीव जडलाय तो इथल्या रिंगफोर्टांवर, म्हणजे जुन्या गोल कोटांवर. मोहेरचे कडे बघायला बसगाड्या भरून माणसं येतात. हे मातीचे गोल बांध मात्र कुणाच्या तरी कुरणात पडलेले असतात, ना पाटी ना तिकीट.

शेजारच्या आजोबांच्या कुरणात असा एक आहे. कमरेएवढा बांध, बाहेरून बुजत आलेला खंदक आणि वर हॉथॉर्नची काटेरी झाडं, मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी नुसती लगडलेली. गवत कापताना आजोबांचा ट्रॅक्टर बांधाला वळसा घालतो. आत कधी नांगर घातलात का, असं विचारलं तर म्हणाले, "वडिलांनी घातला नाही, मी कशाला घालू?" असे बांध पऱ्यांचे, ते मोडू नयेत, अशी इथली समजूत; पण आजोबांनी पऱ्यांचं नाव काढलं नाही. इथली जुनी माणसं ते सहसा घेतच नाहीत.

खरं तर ही शेतकऱ्यांची घरं. बहुतेक इ.स. 500 ते 1000 या काळातली. गुरं हीच संपत्ती, म्हणून चोरांपासून आणि लांडग्यांपासून राखायला बांध. काहींच्या पोटात दगडी भुयारंही आहेत, साठवणीला आणि वेळ आलीच तर लपायला. बरेनच्या खडकाळ भागात मातीऐवजी दगड रचले. तिथल्या काहेरकॉनेल या दगडी कोटाची भिंत तीन मीटर जाड आहे आणि 17व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे माणसं नांदत होती.

देशभरात असे 40 हजारांहून अधिक कोट आहेत. स्मारकांचा कायदा 1930 सालचा. त्याआधी शेकडो वर्षं राखण केली ती पऱ्यांच्या धाकाने, आपल्याकडे देवराई राखली तशीच. या धाकाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. 1999 साली क्लेअरमध्येच लॅटूनला नव्या रस्त्यात पऱ्यांचं मानलेलं एक हॉथॉर्न येत होतं. लोककथा सांगणारे एडी लेनिहन त्यासाठी उभे राहिले आणि झाड वाचलं. पुढे 2002 मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं.

बघायचे असतील तर सुरुवात काहेरकॉनेलपासून करा, तिथे नीट माहिती मिळते. मग एखादा कुरणातला बघा. आधी शेतकऱ्याला विचारा, कुत्रं नेऊ नका, आत मेंढ्या असतात. आणि फाटक आठवणीने लावून घ्या.